भुलीचा वायू जातो कुठे?

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी पेशंटला बघायला जाते, तेव्हा घरचे हमखास विचारतात, "डॉक्टर, पूर्ण भूल देणार की कमरेत? आणि उतरेल ना नीट?" उतरते. पण उतरलेली भूल जाते कुठे, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

खाल्लेलं अन्न पचतं, तसा भुलीचा वायू शरीरात पचत नाही. सेव्होफ्लुरेन आम्ही रोज वापरतो. त्याचा फार तर पाच टक्के भाग शरीरात मोडतो. डेसफ्लुरेनचा तर जवळजवळ नाहीच. बाकी सगळा श्वासावाटे जसाच्या तसा बाहेर येतो. मोठ्या रुग्णालयांत तो नळीने बाहेर सोडतात, लहान ठिकाणी एक्झॉस्ट फॅन त्याला खिडकीबाहेर ढकलतो. पेशंट शुद्धीवर येतो, घरी जातो, आणि वायू वर राहून उष्णता धरून ठेवतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो डेसफ्लुरेन म्हणजे सुमारे अडीच हजार किलो कार्बन डायऑक्साइड. सेव्होफ्लुरेनचा आकडा याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. शिवाय तेवढीच भूल द्यायला डेसफ्लुरेन तिप्पट प्रमाणात लागतो. पेशंट लवकर जागा होतो, हा त्याचा गुण मी नाकारत नाही. पण काही मिनिटांच्या त्या फरकासाठी एवढी किंमत मला पटत नाही. स्कॉटलंडने २०२३ मध्ये त्याचा वापर थांबवला. युरोपीय संघात १ जानेवारी २०२६ पासून, भुलीचं दुसरं कुठलंच औषध चालणार नसेल तरच तो वापरता येतो.

आता आमच्या ऑपरेशन थिएटरमधली, म्हणजे ओटीतली गोष्ट. भूल देण्याच्या यंत्राला आम्ही अजूनही 'बॉयल्स' म्हणतो. त्यावरच्या काचेच्या नळीत एक छोटी बॉबिन असते. ताजा वायू जितका जास्त, तितकी ती वर चढते. सुरुवातीला मिनिटाला पाच-सहा लिटर लागतात, ते ठीक. पण पेशंट स्थिरावल्यावरही बॉबिन तिथेच राहिली, तर बराचसा वायू पेशंटपर्यंत न पोहोचताच बाहेर जातो. ती एक लिटरपर्यंत किंवा त्याहून खाली आणली, तर पेशंटने सोडलेला श्वास सोडा लाइममधून जातो. तिथे कार्बन डायऑक्साइड शोषला जातो आणि भुलीचा वायू पुन्हा पेशंटकडे वळतो. भूल तेवढीच, औषध कितीतरी कमी, बिलही हलकं. मात्र यासाठी ऑक्सिजन आणि वायूंचं प्रमाण सतत दाखवणारा मॉनिटर हवाच. तो नसेल तिथे मी हा सल्ला देणार नाही; पेशंटची सुरक्षितता आधी. आणखी एक साधी सवय: घशात नळी घालताना मास्क बाजूला होतो, तेवढा वेळ वायूचा प्रवाहच बंद ठेवायचा. नाहीतर तो थेट आमच्या आणि सिस्टरच्या नाकात जातो.

नायट्रस ऑक्साइडबद्दल मात्र मला थोडं चिडूनच बोलावं लागेल. निळ्या सिलिंडरमधला हा भुलीचा वायू शंभराहून अधिक वर्षं वातावरणात टिकतो आणि ओझोनच्या थरालाही बाधतो. एका रुग्णालयात मी सहज रात्रीचा आणि सकाळचा दाब लिहून ठेवला. रात्रभर एकही ऑपरेशन नव्हतं, तरी सकाळी काटा खाली आलेला! भिंतीतल्या पाइपलाइनचे सांधे गळत होते. हे एकट्या आमच्याकडचं दुखणं नव्हे. एडिंबरा परिसरातल्या रुग्णालयांनी विकत घेतलेला आणि पेशंटला दिलेला वायू यांचा हिशेब मांडला, तेव्हा बहुतेक सगळा वायू पेशंटपर्यंत पोहोचतच नव्हता असं दिसलं. म्हणजे डॉक्टरांनी कितीही काटकसर केली, तरी गळती भिंतीतच. उपाय सोपा आहे: पाइपलाइन बंद करायची, छोटा सिलिंडर थेट यंत्राला जोडायचा आणि काम झालं की त्याची चावी फिरवायची.

आम्ही तेच केलं. पहिले काही दिवस चावी बंद करायला कुणी ना कुणी विसरायचं. आता ओटी आवरताना आमच्या मावशी दिव्यांची बटणं बंद करतात आणि जाता जाता निळ्या सिलिंडरवर हात ठेवून बघतात.