एकच सॉफ्टवेअर, तिप्पट किंमत

आज थोडं माझ्याच फजितीबद्दल.

मी परळचा. लालबागची मसाल्याची गल्ली घरापासून पाच मिनिटांवर. गेल्या वर्षी तिथल्या एका काकांना ऑर्डर घ्यायचं अ‍ॅप करून दिलं. मार्च ते मे लोक वर्षभराचा मसाला करून घेतात. कोणाची मिरची किती किलो, कोणाचा मालवणी, कोण कधी नेणार, सगळं वहीत. गर्दीत एखादी चिठ्ठी हरवली की भांडण ठरलेलं. मी माझे तास मोजले आणि पंधरा हजार सांगितले. काका लगेच हो म्हणाले. घासाघीस नाही, काही नाही. घरी आई म्हणाली, "लालबागचा दुकानदार घासाघीस करत नाही, म्हणजे तू कमी सांगितलंस."

मग काकांच्या काउंटरवरच्या टॅलीकडे नीट बघितलं. टॅलीप्राइमचं सिल्व्हर लायसन्स २२,५०० रुपये, गोल्ड ६७,५००. वर जीएसटी वेगळा. बरोब्बर तिप्पट! हिशेबाचं काम दोन्हीत तेच. सिल्व्हर एका कॉम्प्युटरसाठी, गोल्ड ऑफिसच्या नेटवर्कवर अनेकांसाठी. गोल्ड बनवायला तिप्पट मेहनत लागली असेल? इंजिनियर म्हणून मला तरी वाटत नाही. पण ज्याच्याकडे हिशेबाला चार माणसं बसतात, त्याचा धंदाच मोठा. त्याच्यासाठी त्या सॉफ्टवेअरचं मोल जास्त, म्हणून किंमत जास्त.

आणि शिकणाऱ्यांना तेच टॅली फुकट! क्लासला ज्यांनी वापरलंय त्यांना माहीत असेल, एज्युकेशनल मोडमध्ये महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी करता येतात. शिकायला तेवढं पुरतं, दुकान त्यावर चालत नाही. कुंपण कुठे घालायचं हे कोणीतरी फार विचार करून ठरवलंय, मानलं बुवा. त्यात १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, रिटर्न ऑनलाइन भरणं आलं, आणि वहीवर भागवणाऱ्यांनाही असं काहीतरी घ्यावं लागलं.

माझं कुंपण कुठे आहे, हाच आता प्रश्न. कारण तेच अ‍ॅप दोघांना हवंय. दादरचे एक मसालेवाले, तीन दुकानं. आणि गिरगावात चाळीतल्या घरून मसाले विकणाऱ्या एक मावशी. मला दुसरी कॉपी द्यायला खर्च जवळजवळ शून्य. पंधरा हजार मावशींना झेपणार नाहीत, आणि दादरवाल्यांना ते चहापाण्याइतके. फोनच्या संख्येवर पैसे घ्यावेत असं डोक्यात आहे. मावशींचा एक फोन, दादरला सात-आठ.

पण लालबागच्या काकांना कळलं, की मावशींना दोन हजारांत दिलं, तर? "माझ्याकडून का जास्त घेतलेस रे?" या प्रश्नाला "तुमचा फायदा जास्त होतो" हे उत्तर खरं आहे. तोंडावर सांगायला मात्र जीभ रेटत नाही. शेवटी लहानपणापासून त्यांच्याकडचा मसाला खाल्लाय.

मंगळवारी दादरला जायचंय. आकडा अजून ठरलेला नाही. तुमच्यापैकी कोणी असं काही विकत असेल, तर पैसे कशावर लावता ते व्हॉइस नोटमध्ये पाठवा. सोमवारच्या आत पाठवलंत तर बरं!