रविवारचं चिकन, कढईशिवाय

आज आम्ही बचत गटातल्या बाया जरा खाण्याचं बोलणार आहोत.

आमच्यातल्या एका काकींच्या मालकांना हृदयाचा त्रास निघाला. डॉक्टरांनी तळलेलं बंद करायला सांगितलं. मालक म्हणाले, "रविवारी तुम्ही खा तंगडी, मी ताकभाकरी खाईन." आता सगळ्यांनी खायचं आणि घरधन्यानं बघत बसायचं, हे काकींना कसं सोसावं? त्यांनी घरात चिकनच बंद केलं. नातवंडं रुसली.

मग आम्ही म्हटलं, ओव्हनमध्ये भाजतात तसं करून बघू. ओव्हन आमच्यात कुणाकडेच नाही. पण केक, नानकटाई आपण मिठावर भाजतोच की!

आधी तळणीचं तेल मोजलं. किलोभर चिकन तळल्यावर कढईतलं तेल परत मापात ओतलं, तर वाटीभर कमी भरलं. ते सगळं पोटात गेलं. आणि उरलेलं काळपट तेल आपण टाकतो थोडंच? आठवडाभर भाजीला वापरतो. तेच तेल पुन्हापुन्हा तापवणं तर आणखी वाईट.

आता कृती. किलोभर चिकनचे कातडी काढलेले तुकडे घ्या, त्यांना सुरीनं खोल चिरा द्या. फडक्यात बांधून पाणी काढलेलं वाटीभर दही, आलं-लसूण, हळद, तिखट, लिंबू आणि बेताचं मीठ चोळून दोन तास ठेवा. मग जाडसर कुटलेल्या पोह्यांत घोळवा. पोह्यांनीच कुरकुरीतपणा येतो. रव्यानं येतो, पण पोह्यांइतका नाही.

जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात किलोभर जाडं मीठ पसरा, त्यावर लोखंडी कडं ठेवा आणि झाकून पंधरा मिनिटं तापवा. कुकर मात्र घेऊ नका. कोरडा तापवला तर त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह वितळतो. तेलाचा हात लावलेल्या ताटलीत तुकडे सुटेसुटे मांडा, वरून थोडं तेल लावा. सगळं मिळून दोन-तीन चमचे पुरे. मध्यम आचेवर पंचवीस मिनिटं ठेवा, मग उलटून आणखी वीस मिनिटं.

पहिल्या वेळी आमचं फसलं. झाकण घट्ट होतं, वाफ कोंडली, तुकडे पांढरेफटक राहिले, आणि तंगडी हाडापाशी लाल निघाली! सासूबाई म्हणाल्या, "हे तर आजाऱ्याचं जेवण." तेव्हापासून झाकण जरा कलतं ठेवतो आणि शेवटी तुकडे गरम तव्यावर फिरवतो. चुलीवर करत असाल तर पत्र्याच्या झाकणावर निखारे ठेवा, वरून छान रंग येतो. हाडाजवळ सुरी खुपसून बघा. पाणी स्वच्छ निघालं तरच उतरवा, लालसर असेल तर परत ठेवा. आणि कच्च्या चिकनची सुरी, पाट धुतल्याशिवाय त्यावर कांदा-कोथिंबीर चिरू नका.

पातेल्यातलं मीठ स्वयंपाकात घेऊ नका. बरणीत भरून पुढच्या भाजण्याला ठेवा.

काकींनी आधी डॉक्टरांना विचारलं. असं भाजलेलं, कमी मिठाचं, दोन तुकडे चालतील म्हणाले. परवा रविवारी मालक पंगतीला बसले. "तळलेल्याची सर नाही," म्हणाले, आणि तिसरा तुकडा मागितला. काकींनी दिला नाही.