ज्याच्या हाती निर्णय, त्याच्या हाती आकडा



स्वागत समितीच्या वतीने मी आपल्या सर्वांचं करवीरनगरीत मनापासून स्वागत करतो. सोलापूर, नाशिक, लातूरपासून बेळगाव आणि गोव्यापर्यंतची मंडळी आज इथे जमली आहेत. स्वागताध्यक्षाकडून श्रोत्यांच्या दोनच अपेक्षा असतात. जेवण झकास असावं आणि भाषण आटोपशीर असावं. पहिलीची जबाबदारी भोजन समितीने घेतली आहे. तांबडा-पांढरा रात्री आहे, दुपारी मुद्दाम ठेवलेला नाही. दुपारच्या सत्रातले वक्ते आमच्यावर रुसले असते. दुसरी अपेक्षा माझ्याकडे आहे, आणि ती पुरी होईलच असं वचन मी देत नाही.

या परिषदेचा विषय आहे संस्थांमध्ये बिझनेस इंटेलिजन्सची, म्हणजे आकडे बघून निर्णय घ्यायला मदत करणारी साधनं रुजवण्याचा, संगणकावर आणि त्याहून जास्त मोबाइलवर. निमंत्रणपत्रिका वाचून सहकारातल्या एका जुन्याजाणत्या गृहस्थांनी मला विचारलं, "हे पुण्याचं आणि बंगळुरूचं काम. कोल्हापुरात कशाला काढलंय?" प्रश्न रास्त आहे. तेव्हा स्वागताच्या निमित्ताने त्याचंच उत्तर देतो.

या जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात पहाटे दूध डेअरीवर जाऊन उभं राहा. दूध घालायला आलेली बाई मशीनवरचा फॅट आणि एसएनएफ बघते, कालच्या चिठ्ठीशी ताडून बघते, आणि घरी जाऊन म्हशीच्या पेंडीत काय कमी-जास्त करायचं ते ठरवते. इथला जिल्हा दूध संघ, म्हणजे आपला गोकुळ, १९६३ सालचा. आकडा बघून निर्णय घेण्याची सवय आमच्या भागाला नवी नाही. त्या बाईच्या बाबतीत तीन गोष्टी एका ठिकाणी आहेत: माहिती तिच्या हातात आहे, निर्णय तिचा आहे, आणि चुकलं तर तोटाही तिच्याच पदराला आहे. आपल्या संस्थांमध्ये नेमकी याच तिन्हींची फारकत होते. माहिती कारकुनाच्या टेबलावर, निर्णय वरच्या मजल्यावर, आणि तोटा सभासदाच्या माथी. मोठमोठी सॉफ्टवेअरं घेऊनही ही फारकत मिटत नाही, कित्येकदा ती जास्त पक्की होते. आज आणि उद्या इथे जी चर्चा व्हायची आहे, ती या दुखण्यावर व्हावी अशी माझी इच्छा आहे.

याचा एक धडा आपल्याला इथून तासाभराच्या अंतरावर मिळालेला आहे. पण आपल्याच लोकांना तो फारसा ठाऊक नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणा समूहात १९९८ साली 'वायर्ड व्हिलेजेस' नावाचा प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी मिळून खर्च उचलला, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तांत्रिक काम केलं. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सुमारे सत्तर गावं त्यात होती. गावोगावी संगणक केंद्रं उघडली. त्या काळात तालुक्याच्या कचेरीतही संगणक क्वचितच दिसायचा, हे लक्षात घ्या. शेतकऱ्याने यायचं, बाजारभाव बघायचे, पिकांचा सल्ला घ्यायचा, सरकारी योजना आणि शिक्षणाची माहिती मिळवायची, असा तो बेत होता. देशभर त्याचं कौतुक झालं.

प्रत्यक्षात काय चाललं? ऊस. उसाची नोंद, तोडणीचा परवाना, वजनाची पावती, खताचा हिशेब. केंद्रावरचा ऑपरेटर आकडे भरायचा आणि शेतकऱ्याला विचारलं तेवढं सांगायचा. बाकीचा थाटमाट मागे पडला. यात मला वाईट काही वाटत नाही. लोकांनी आपल्याला काय हवंय ते वापरातून सांगितलं. पण तेवढ्यासाठी गावोगाव संगणक ठेवणं, वीज नसताना थांबून राहणं, बिघडला की दुरुस्तीला माणूस धाडणं, हा खर्च संस्थेच्या बोकांडी बसला.

मग २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधन शाखेतली काही मंडळी वारणेला आली. त्यांनी संगणक काढून त्या जागी साधे मोबाइल ठेवले. स्मार्टफोन नव्हेत, बटणांचे, एसएमएस पाठवणारे. शेतकऱ्याने ठरावीक शब्द आणि आपला क्रमांक पाठवायचा, मुख्य कचेरीतल्या यंत्रणेने टनेजचा किंवा खताचा आकडा उलट धाडायचा. सात गावांत आठ महिने ही चाचणी चालली. संगणकावर होत होतं ते सगळं एसएमएसवर झालं, खर्च कमी आला, आणि शेतकऱ्यांना ही पद्धत जास्त पसंत पडली. या प्रयोगाचं नावच 'वारणा अनवायर्ड' होतं. आयफोन बाजारात आला तेही हेच साल. मोबाइलवर बिझनेस इंटेलिजन्स ही कल्पना अजून फारशी रुजलेली नव्हती, तेव्हा वारणाकाठचा ऊस उत्पादक बांधावर उभा राहून आपलं टनेज बघत होता. कोल्हापुरात कशाला, याचं उत्तर हे आहे.

गंमत अशी की बिझनेस इंटेलिजन्सच्या मुळाशीही, काम करणाऱ्याच्या हाती माहिती, हाच विचार आहे. १९५८ साली आयबीएममधले हान्स पीटर लून यांनी 'अ बिझनेस इंटेलिजन्स सिस्टिम' या नावाने एक निबंध लिहिला. संस्थेत जिथे जिथे कृती होते ती ठिकाणं आधी हेरावीत, प्रत्येक ठिकाणाची गरज नोंदवून ठेवावी आणि त्या गरजेपुरती माहिती यंत्राने आपण होऊन तिथे पोचवावी, अशी त्यांची मांडणी होती. साहेबाच्या केबिनमध्ये रंगीत तक्ते लावावेत, असं त्यात कुठेही नाही. पुढे हा शब्द १९८९ नंतर हॉवर्ड ड्रेस्नर यांच्यामुळे उद्योगजगतात रूढ झाला, आणि हळूहळू त्याचा अर्थ 'व्यवस्थापनाला अहवाल' एवढाच उरला. साखर कारखान्याच्या भाषेत सांगायचं, तर लूनचं कृतीचं ठिकाण म्हणजे शिवारातला आपला चिटबॉय आणि शेती विभागाचा गट अधिकारी. आज कुठला फड तुटणार, कुठली टोळी कुठे वळवायची, हे ते ठरवतात. तोडलेला ऊस वाळला की वजन घटतं आणि साखरेचा उताराही घसरतो. संचालक मंडळाला उताऱ्याचा आलेख महिन्याने दिसला काय आणि न दिसला काय, त्या फडातली साखर परत येत नाही.

मी स्वतः फौंड्रीवाला. त्यामुळे आमच्या धंद्याचं थोडं बोलल्याशिवाय राहवत नाही. म्हादबा मिस्त्रींच्या पिढीतल्या कारागिरांनी उद्यमनगरात लोखंडाशी झटून जो उद्योग उभा केला, तो आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगलेपर्यंत पसरला आहे. आमची खरी डोकेदुखी रिजेक्शन. कास्टिंग आज ओतलं, आठवड्याने मशीनवर चढलं, तेव्हा आत ब्लो होल निघालं. तोवर ती वाळू, तो ओलावा, ती हीट, सगळं मागे पडलेलं असतं. मग महिना संपल्यावर एमआयएस तयार होतो. पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला बैठक बसते, सुपरवायझरला उभं करून विचारतात, "गेल्या महिन्यात रिजेक्शन एवढं का?" तो काय सांगणार? वाळू खराब होती म्हणतो. कुणालाच आठवत नसतं, म्हणून कुणी वादही घालत नाही.

आता हीच माहिती शिफ्टच्या शिफ्टमध्ये, मोल्डिंगच्या माणसाच्या फोनवर आली तर? वाळूचा ओलावा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, एवढी एकच ओळ. पुढचे साचे करण्याआधी त्याला हात चालवता येतो. मेल्टिंगला टनामागे किती युनिट वीज लागली, ते त्या भट्टीवाल्यालाच त्याच दिवशी कळलं, तर झाकण उघडं ठेवून गप्पा मारणं आपोआप कमी होतं. महावितरणचं बिल हातात पडल्यावर ते कळून उपयोग काय? मोबाइलचा खरा लाभ इथे आहे. नाहीतर कचेरीतला बारा रकान्यांचा तक्ता तसाच आक्रसून फोनवर उतरवायचा आणि अध्यक्षांनी दोन बोटांनी तो मोठा करून बघायचा, यात मी तरी काही प्रगती मानत नाही. सूचना पाठवण्याचंही तसंच. दिवसाला चाळीस सूचना येणारा माणूस एकेचाळिसावी उघडत नाही.

साधनांची वाण आता राहिलेली नाही. पॉवर बीआय २०१५ पासून आहे, टॅब्लो आणि क्लिक त्याहून जुनी, मेटाबेस आणि सुपरसेट तर मुक्त स्रोताची, परवान्याच्या पैशाविना मिळणारी. २०१६ नंतर मोबाइलचा डेटा एवढा स्वस्त झाला की गावातल्या पोराच्या फोनवर तो दिवसभर चालू असतो. माहितीही आपोआप साठते आहे. ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या प्रत्येक दुरुस्तीची नोंद राहणं बंधनकारक झालं. सरकारसाठी आपण निमूटपणे एवढी माहिती भरतो, पण तीच स्वतःसाठी वाचत मात्र नाही. कोणतं साधन घ्यावं यावर उद्या एक अख्खं सत्र आहे, म्हणून मी त्यात शिरत नाही.

शिरायचंच तर मी अडचणींत शिरेन, कारण त्या विक्रेता सांगत नाही. पहिली अडचण टॅलीत आहे. एकच गिऱ्हाईक तीन नावांनी नोंदलेलं असतं: एकदा 'पाटील ट्रेडर्स', एकदा 'पाटील ट्रेडिंग', एकदा नुसतं 'पाटील कागल'. अशा वहीवर कितीही देखणा डॅशबोर्ड बसवा, येणी वेगळीच दिसणार. आणि 'आजचं उत्पादन' म्हणजे काय? ओतलेलं, तपासून पास झालेलं, की गाडीत भरून गेटबाहेर पडलेलं? उत्पादन, गुणवत्ता आणि विक्री या तीन खात्यांचे तीन आकडे असतात आणि तिघंही खरं बोलत असतात. ही व्याख्या ठरवायला सॉफ्टवेअर लागत नाही, एकत्र बसावं लागतं. तीच गोष्ट आपण सगळ्यात शेवटी करतो.

त्याहून अवघड अडचण माणसांची आहे. अनेक कचेऱ्यांत एखादा जुना हिशेबनीस असा असतो की अख्खी संस्था त्याच्या एका एक्सेल फाइलवर चालते. त्या फाइलचा पासवर्ड हेच त्याचं वजन. नवी यंत्रणा आली की तो विरोध करत नाही. तो नुसता 'आकडे जुळत नाहीत' म्हणतो. आणि बऱ्याचदा त्याचंच बरोबर असतं, कारण कुठली नोंद कुठे फिरवावी लागते हे त्यालाच माहीत असतं. अशा माणसाला बाजूला सारून प्रकल्प रेटणाऱ्यांनी तो काही महिन्यांत बंद पडलेला पाहिलाय. त्याला प्रकल्पाच्या पहिल्या बैठकीत बसवा, आणि आकड्यांची व्याख्या त्याच्याकडूनच लिहून घ्या.

आणखी एक, आकडा फटकावण्यासाठी वापरला की लोक आकडाच बदलतात. रिजेक्शनवरून शिफ्टचा बोनस कापला, तर रिजेक्शन कमी होत नाही, त्याची नोंद कमी होते. हे मी माझ्या धंद्यातल्या कित्येक कारखान्यांत बघितलंय, आणि बँकेतले मित्र थकबाकीबद्दल हेच सांगतात. म्हणून निदान सुरुवातीचं एक वर्ष तरी नव्या यंत्रणेतल्या आकड्यावरून कुणाला मेमो देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. व्यवस्थापनाला हे पचत नाही, ते मला ठाऊक आहे.

सुरक्षेचं थोडक्यात सांगतो. माहिती कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या फोनवर जाणार, फोन हरवणार, माणूस नोकरी सोडून समोरच्या कारखान्यात जाणार. त्या दिवशी त्याचा प्रवेश बंद झाला पाहिजे, पुढच्या महिन्यात नव्हे. डॅशबोर्डचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर गेला की सगळी कुलपं व्यर्थ. सभासद आणि ठेवीदारांची माहिती हाताळणाऱ्यांनी तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वाचून ठेवलेला बरा. आणि भाषा! चिटबॉयने वापरायचं ॲप इंग्रजीत का असतं, हे मला आजवर एकाही कंपनीने पटेल असं सांगितलेलं नाही.

आता प्रतिनिधींना एक विनंती. सभागृहाबाहेर साधनांचे स्टॉल लागले आहेत. चकचकीत तक्ते दाखवले जातील, तुम्ही ते जरूर बघा. फक्त प्रत्येक स्टॉलवर तीन प्रश्न विचारा. हा आकडा बघून काम कोण बदलणार? त्याच्या फोनवर तो किती वेळात पोचणार? आणि आमचा करार संपला तर आमची माहिती आम्हाला कोणत्या स्वरूपात परत मिळणार? तिसऱ्या प्रश्नाला काही जण चहा पाजतील. उत्तर मिळेपर्यंत उठू नका.

आणि संस्थांच्या अध्यक्षांना आणि कार्यकारी संचालकांना वेगळी विनंती. परत गेल्यावर सगळ्या संस्थेचा प्रकल्प एकदम काढू नका. एक निर्णय निवडा, जो रोज घेतला जातो आणि चुकला की पैसे जातात. तो घेणारा माणूस शोधा. त्याला कोणता आकडा हवा ते त्यालाच विचारा, आणि तेवढा एक आकडा मराठीत, वेळेवर, त्याच्या फोनवर द्या. पुढच्या परिषदेला येताना त्या माणसालाही घेऊन या. व्यासपीठावरून बोलायला आम्ही त्याला जागा देऊ.

उद्घाटकांनी दीपप्रज्वलन करून परिषदेला सुरुवात करावी, अशी मी स्वागत समितीच्या वतीने विनंती करतो.