वारस परदेशी, घर देवळालीला

आमच्या देवळाली कॅम्पातल्या काही जुन्या बंगल्यांना कुलूप असतं. मुलं लंडन-टोरांटोला, नागरिकत्वही तिकडचंच. त्यांना वाटतं, आपला हक्क संपला. तसं नाही. ओसीआय कार्डधारकाला इथं शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशानं मात्र मिळते, घरही मिळतं. पण मिळतं नेमकं काय? छावणीतल्या ‘ओल्ड ग्रँट’ बंगल्याची जमीन सरकारची, आपल्या फक्त भिंती नि छप्पर. शिवाय आम्हां मुसलमानांत वारसांच्या संमतीविना मृत्युपत्रानं एक-तृतीयांशाहून अधिक देता येत नाही. म्हणून वडीलधाऱ्यांनो, जमिनीच्या नोंदीचा उतारा आजच काढा, मृत्युपत्र लिहा आणि फोनवरून सगळ्या मुलांना वाचून दाखवा. आपल्यामागे भावंडांत कज्जा नको.