वऱ्हाडचा रुपया आणि विलायतेची हुंडणावळ

अमरावती किंवा अकोला येथील एखाद्या घरांतील मुलगा अगर मुलगी शिक्षणासाठीं परदेशीं निघाली म्हणजे घरांत पहिली चर्चा होते ती विद्यापीठाच्या नांवलौकिकाची, दुसरी थंडीच्या कपड्यांची, आणि फी भरण्याची तारीख चार दिवसांवर आली कीं मग तिसरी, पैसे पाठवावयाचे कसे याची. हा क्रम वास्तविक उलटा असावयास हवा. पंचवीस लाखांची रक्कम रुपयांची पौंड होतांना वाटेंत किती झिजते हें कळेपर्यंत ती झिजून गेलेली असते, आणि ती रक्कम पुष्कळदां शेत गहाण टाकून किंवा निवृत्तीचा फंड मोडून उभी केलेली असते.

वऱ्हाडास हा प्रश्न नवा नाहीं. अमेरिकेंत १८६१ सालीं यादवी युद्ध पेटलें आणि लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कपाशीची आठवण झाली. १८६७ पर्यंत आगगाडी अकोला व बडनेरा यांवरून नागपूरपर्यंत जाऊन पोंचली. आतां मौज अशी कीं, खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याजवळ लंडनांत सोन्याचे पौंड, आणि खामगांवच्या बाजारांत गाडी घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्यास हवे चांदीचे रुपये. नेमकी याच्या उलट अडचण हिंदुस्थान सरकारची होती. पेन्शनी, रेल्वेच्या भांडवलावरील व्याज, सरकारी सामानाची खरेदी यांसाठीं सरकारास लंडनांत पौंड लागत, आणि साऱ्याचा वसूल तर येथें रुपयांत होई. तेव्हां भारतमंत्री लंडनांत ‘कौन्सिल बिलें’ विकीत. व्यापाऱ्यानें तेथें पौंड भरावे आणि मुंबई, कलकत्ता किंवा मद्रास येथील खजिन्यावर रुपयांची चिठ्ठी घ्यावी. पौंड लंडनांतच राहिले, रुपये हिंदुस्थानांतच राहिले, आणि तरीहि दोघांचें देणें फिटलें. अमरावतीच्या सावकारास यांत कांहीं नवल वाटण्याजोगें नव्हतें. मुंबईच्या पेढीवर दर्शनी हुंडी लिहितांना तोहि हेंच करी. दोन उलट दिशांचीं देणीं एकमेकांत वळतीं झालीं म्हणजे पैसा हालवावा लागत नाहीं, आणि जो पैसा हालत नाहीं त्याला खर्चहि थोडा लागतो. शेतकऱ्याच्याच साऱ्याच्या रुपयांनीं शेतकऱ्याचाच कापूस विकत घेतला जावा, ही गोष्ट मात्र तेव्हांच्या राजकारणी पुरुषांना बोंचत असे, आणि तें योग्यच होतें.

व्यवस्था सोयीची होती, पण दर स्थिर नव्हता. चांदी उतरत गेली तसा रुपयाहि उतरत गेला. १८७२-७३ च्या सुमारास जो रुपया जवळजवळ २३ पेन्सांचा होता, तो १८९४-९५ मध्यें १३ पेन्सांच्या आसपास आला. म्हणजे शंभर पौंडांस पूर्वीं सुमारें १,०५० रुपये पडत, ते १,८०० च्याहि वर पडूं लागले. १८९३ सालीं सरकारनें टांकसाळी खाजगी चांदीस बंद केल्या, आणि पुढें रुपया १ शिलिंग ४ पेन्सांवर, म्हणजे पौंडास १५ रुपये या प्रमाणावर येऊन स्थिरावला.

त्यानंतरचा जो प्रसंग, त्यावर थोडें थांबलें पाहिजे. पहिल्या महायुद्धांत चांदी भडकली आणि १९२० च्या फेब्रुवारींत रुपयाचा भाव २ शिलिंग ८ पेन्सांच्याहि वर गेला. या भावानें शंभर पौंडांस अवघे ७५० रुपये! त्याच महिन्यांत सरकारनें रुपयाचा दर सोन्याच्या २ शिलिंगांवर ठरविल्याचें जाहीर केलें, आणि तो टिकविण्यासाठीं उलट दिशेचीं बिलें, म्हणजे ‘रिव्हर्स कौन्सिलें’, विकावयास काढलीं. येथें रुपये भरावे, लंडनांत पौंड घ्यावे. ज्यांच्याजवळ रुपये व बातमी दोन्ही होतीं त्यांनीं त्यांवर उड्या घातल्या. सुमारें साडेपांच कोटि पौंड विकून झाल्यावर २८ सप्टेंबर १९२० रोजीं विक्री थांबली, आणि १९२१ च्या प्रारंभापर्यंत रुपया १ शिलिंग ४ पेन्सांच्याहि खालीं घसरला. वर्षापूर्वीं ७५० रुपयांत मिळणारे शंभर पौंड आतां दीड हजारांतहि मिळेनात.

याच १९२० सालीं अमरावती जिल्ह्यांतील पापळ या गांवच्या शेतकरी कुटुंबांतील पंजाबराव देशमुख उच्च शिक्षणासाठीं विलायतेस गेले. एडिंबरो व ऑक्सफर्ड येथें शिकून, वैदिक वाङ्मयांतील धर्मावर प्रबंध लिहून व बॅरिस्टर होऊन ते परतले आणि पुढें स्वतंत्र भारताचे कृषिमंत्री झाले. त्या वर्षीं ज्या ज्या घरांतून विद्यार्थी बोटीवर चढला, त्या प्रत्येक घरास हुंडणावळ म्हणजे काय हें वर्षभरांत कळून चुकलें असलें पाहिजे. मुलाची फी तीच, खाणावळ तीच. कापसाच्या गाड्या मात्र दुप्पट विकावयाच्या. १९२७ च्या कायद्यानें दर १ शिलिंग ६ पेन्स झाला, पौंडास १३ रुपये ५ आणे ४ पै, आणि पौंडाशीं असलेलें हें प्रमाण थेट जून १९६६ च्या अवमूल्यनापर्यंत टिकलें. तेवढीं वर्षें पालकांना तरी सुखाचीं गेलीं.

आज दर रोज हालतो. २८ ऑगस्ट २०१३ रोजीं एका डॉलरास ६८ रुपयांच्याहि वर पडले, तेव्हां दोन महिन्यांपूर्वीं ज्यांनीं पुढील सत्राची फी भरून टाकली ते निश्चिंत होते. भाव उतरेल म्हणून सगळी रक्कम अडवून धरणें हा सट्टा होय. ज्याचें देणें ठराविक तारखेस परक्या नाण्यांत आहे त्यानें तो करूं नये. रक्कम तीन-चार हप्त्यांत घेतली तर सर्वांत स्वस्त भाव मिळणार नाहीं, पण सर्वांत महागहि पडणार नाहीं.

आतां खुद्द पाठवणावळ. बँकेच्या खिडकीवर पालक विचारतो तो प्रश्न असा: “चार्ज किती?” उत्तर येतें, पांचशें किंवा हजार रुपये, आणि त्याचें समाधान होतें. खरा खर्च दरांत दडलेला असतो. समजा, बाजारांत पौंडाचा भाव १०० रुपये आहे आणि बँक १०२ नें देते. तर पंचवीस लाखांवर जवळजवळ पन्नास हजार रुपये कोणत्याहि पावतीवर न दिसतां जातात. यास्तव एकाच दिवशीं, एकाच तासांत, दोन-तीन अधिकृत ठिकाणीं एकच प्रश्न विचारावा: “पंचवीस लाख दिले तर समोरच्या खात्यांत किती पौंड पडतील?” मोठ्या रकमेस दरांत सवलत मागतां येते, ती न मागणाऱ्यास सहसा कोणी देत नाहीं. चलन बदलण्याच्या सेवेवर वस्तु व सेवा करहि असतो, पण तो पंचवीस लाखांवर १,२६० रुपये इतकाच भरतो.

रिझर्व्ह बँकेच्या २००४ सालच्या उदार योजनेखालीं निवासी व्यक्तीस एका आर्थिक वर्षांत अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवितां येतात. ही मर्यादा २०१५ पासूनची असून ती दर माणशीं आहे. ठराविक रकमेवर बँक आगाऊ कर कापून घेते. त्याची सुरुवात १ एप्रिल २०२५ पासून ७ लाखांऐवजीं १० लाखांवर नेण्यांत आली, आणि वित्तसंस्थेच्या शिक्षण-कर्जांतून जाणाऱ्या रकमेस त्यांतून वगळण्यांत आलें. हा कर बुडीत खर्च नव्हे, प्राप्तिकराच्या हिशेबांत तो वळता होतो. परंतु तोंपर्यंत पैसा अडकून पडतो, आणि हातांत मोजकीच रोकड असलेल्या घरास तेंहि जड जातें. या कटकटीस कंटाळून कोणी हवाल्याची वाट सुचवील. तिच्यांत जुन्या हुंडीचीच युक्ति आहे, कायदा मात्र पाठीशीं नाहीं. १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याप्रमाणें रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊं शकतो, आणि विद्यापीठास दाखविण्यास पावती नसते ती नसतेच.

एक बारीकशी गोष्ट राहिली. पैसे मधल्या एखाद्या बँकेच्या हातून जातात आणि ती बँक आपली दलाली मूळ रकमेंतूनच कापते. फी वीस-पंचवीस पौंडांनीं कमी पोंचली तर विद्यापीठ ती अपुरी समजतें. म्हणून अर्ज भरतांना मधला सर्व खर्च पाठविणाराकडे घ्यावा, सर्व रक्कम न कापतां पोंचावी असें लिहून द्यावें, आणि विद्यार्थ्याचा नोंदणी-क्रमांक संदेशांत घातला आहे कीं नाहीं हें खिडकीवरून हालण्यापूर्वीं वाचून पाहावें.