चारशे मीटर



‘शाळेनं मला काय दिलं’ यावर पाच मिनिटं बोल, असं सांगितलंय. मी बर्फावर बोलणार आहे. हसू नका! आपल्या जालन्याच्या पोरींना बर्फ माहीत तो लग्नातला. गोणपाटाखाली भुशात ठेवलेली लादी, आणि ती फोडायला हातोडी घेऊन बसलेला कुणाचा तरी मामा.

लग्नानंतर मी पुण्याला गेले. लेक उशिरा झाली, आणि सातव्या वर्षी रोलर स्केटिंगला जाऊ लागली. तिथं पालकांच्या गप्पांत एक नाव सारखं यायचं, श्रुती कोतवाल. पुण्याचीच मुलगी. आधी चाकांवर, मग बर्फावर. भारतातली पहिली महिला आइस स्पीडस्केटर म्हणून तिला ओळखतात. २०१७ च्या आशियाई हिवाळी स्पर्धेत ती जपानमध्ये भारताकडून उतरली.

हा खेळ बघायला सोपा वाटतो. बर्फाचा चारशे मीटरचा लंबगोल ट्रॅक, आपल्या धावायच्या ट्रॅकएवढाच. एका वेळी दोघीच, एक आतल्या लेनमध्ये, एक बाहेरच्या. दर फेरीत लेन बदलायची. जोडीला दुसरी असली तरी खरी शर्यत घड्याळाशी. बुटाखाली जेमतेम एक मिलिमीटर जाडीचं पातं असतं, पुढच्या बाजूला बिजागरीवर बसवलेलं. टाच उचलली तरी पातं क्षणभर बर्फावरच टेकून राहतं, म्हणजे शेवटचा रेटाही वाया जात नाही. आणि रेटा द्यायचा तो मागे नाही, बाजूला. चाकांवरही तसंच, म्हणून रोलरवाली मुलगी बर्फावर जाऊ शकते.

पण जायचं कुठं? चारशे मीटरचा कृत्रिम बर्फाचा ट्रॅक आपल्या देशात नाही. सिमल्याचं जुनं रिंक थंडी असेल तेवढेच आठवडे चालतं. डेहराडूनला २०११ मध्ये मोठं रिंक झालं, ते पुढं कित्येक वर्षं बंदच. मॉलमधली रिंक छोटी, तिथं वेग घ्यायच्या आत वळण येतं. म्हणून श्रुतीला सरावासाठी परदेश गाठावा लागला. नातेवाईक विचारतात, “पदकं किती मिळाली तिला?” घरी विहीर नसताना पोहायला शिकलेल्या माणसाला कुणी असं विचारत नाही.

आता शाळेकडं येते. सर, तुम्ही फक्कीनं आखलेला आपला ट्रॅक मला अजून दिसतो. १९८७ ला जिल्ह्यात चारशे मीटरमध्ये माझा दुसरा नंबर आला आणि तुम्ही आमच्या घरी आलात. ओसरीवर बसलात. वडिलांनी चहा दिला, पावसाचं बोलले, आणि मग म्हणाले, “गुरुजी, पोरीच्या जातीला पळून काय करायचंय?” तुमचा चहा अर्धा राहिला. मी दाराआड होते. मला पळायचंय, एवढं बाहेर येऊन म्हणता आलं असतं. म्हटलं नाही.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत आपण मागच्या वर्षांचे पेपर सोडवत होतो, तेव्हा कॅनडातल्या कॅलगरीत शैलजा कुमार हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्की करत होती. तिथं गेलेली ती पहिली भारतीय महिला. मला हे कळलं चाळिशी उलटल्यावर.

माझी लेक यंदा दहावीत आहे. जूनमध्ये मीच तिला म्हणाले, “एक वर्ष थांब, स्केटिंग काय पळून जातंय?” ती काही बोलली नाही. चाकं काढून एकेक पुसत बसली. ते गप्प बसणं माझ्या ओळखीचं होतं. रात्री साडेचारचा गजर मी लावला.

दिवाळीत तिला दहा दिवस गुरगावच्या एका मॉलमधल्या बर्फावर नेलं. पहिल्या तासात अकरा वेळा पडली. मोजलं मी. बाराव्या वेळी काठाशी आली आणि म्हणाली, “आई, तू खाली बघू नकोस ना, मलाही बघावंसं वाटतं.”

सर, एक कबुली राहिली. शाळेचे स्पाइक्सचे बूट मी परत केले नव्हते. रजिस्टरात अजून माझ्या नावावर असतील. आज आणलेत. सोल गेलाय, पण खिळे सगळे आहेत.