सगळ्याजणींची सहल



आमच्या गटात लांबच्या सहलीचा विषय निघाला, तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "मले वगळा बाई, एकदम एवढे पैसे कुठून आणू?" वगळायचं कुणालाच नाही, हे आधी ठरलं. मग हिशोब मांडला.

दीड वर्ष, महिन्याला २०० रुपये वेगळे, म्हणजे प्रत्येकीचे ३६०० रुपये. गटाच्या कर्जाच्या पैशाला हात लावायचा नाही.

मार्ग ठरला : शेगाव, भोपाळ, आग्रा, दिल्ली, जयपूर आणि परत शेगाव. अशा फेरीसाठी रेल्वेचं चक्राकार प्रवासाचं तिकीट मिळतं. निघायचं त्याच स्टेशनवर परतायचं, वाटेत जास्तीत जास्त ८ ठिकाणी उतरता येतं. भाडं सलग अंतरावर धरतात, म्हणून सुट्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडतं. प्रत्येक गाडीचं आरक्षण मात्र वेगळं करावं लागतं. मार्ग कागदावर लिहून स्टेशनवर आधीच चौकशी करा.

वारही बघा. ताजमहाल शुक्रवारी बंद, लाल किल्ला सोमवारी. रात्रीचा प्रवास केला की मुक्कामाचा खर्च वाचतो. पहिल्या दोन दिवसांच्या दशम्या-चटणी घरूनच घ्यायची.

मावशींचे हप्ते वेळेवर येताहेत. यादीत पहिलं नाव त्यांचंच आहे.

तुमच्या गटातही आधी विचारा, मागे कोण राहतंय?